पहिल्या पायरीच्या आधी

माधवीने ती ओळ पाचव्यांदा पुसली आणि या वेळी पानाला कुलूपही लावून टाकलं. आता तिच्या आणि सावली गावच्या धनराजच्या परवानगीशिवाय तिथलं एक अक्षरही कोणाला हलवता येणार नव्हतं.

‘पेटी उघडाच्या आंदी तिच्यावर तीनदा काडी माराची आन दूर उभं राहाचं.’ ओळ ही एवढीच. झिंगू बोडीवाला असं नाव लावणारा कोणी एक इसम गेले तीन दिवस ती पहिल्या पायरीच्या डोक्यावर आणून बसवत होता. माधवीने सकाळी पुसावी, याने दुपारी लिहावी. तिने संध्याकाळी पुसावी, तर हा पहाटे कोंबडं आरवायच्या आत पुन्हा हजर. बरं, भांडण नाही, शिवी नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तीच ओळ, तशीच. माणूस भांडला तर त्याला उत्तर तरी देता येतं. याचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं, आणि न कळण्याची तिला सवय नव्हती.

“पुसलं का पुन्हा?” व्हरांड्यात लसूण सोलत बसलेल्या सोमाजींनी विचारलं.

“मंग काय करू बाबा? तीनदा काडी माराची म्हणते. उद्या म्हणन, पंपाले लिंबू-मिरची बांधा.”

“त्याले विचारलं का, काऊन माराची म्हणून?”

“त्यात काय विचाराचं?”

सोमाजींनी लसणाची एक पाकळी वाटीत टाकली आणि दुसरी सोलायला घेतली. उमेदीच्या काळात हा माणूस सायकलवर खेडोपाडी हिंडून अंगात येणाऱ्यांशी वाद घालायचा. भगताच्या पुढ्यात मांडी घालून बसायचा आणि आधी शांतपणे विचारायचा, “काऊन जी?” बापाची ती लढाई लेकीने पुरेपूर उचलली होती. विचारायचा धीर मात्र तिच्यात नव्हता. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या विभागात चौदा वर्षं काढल्यावर तिला बहुतेक उत्तरं आधीच ठाऊक असत.

त्या पानाचीही एक गोष्ट होती. तीन वर्षांपूर्वी सावलीकडच्या गावांत सौर पंप आले. बसवायला कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला आणि मग उंबराचं फूल झाला. पंपाबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत, अक्षर असं की मुंगीलाही चष्मा लागावा. लोक पंप चालवणाऱ्या पेटीवर लाल दिव्यात उमटलेल्या आकड्यांचे फोटो काढून धनराजच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात यायचे आणि धनराज ते माधवीला पाठवायचा. तेच तेच सांगून ती थकली. शेवटी तिने एका फुकटच्या संकेतस्थळावर ‘पंपाची वही’ काढली. ज्याला जे कळलं ते त्याने लिहावं, ज्याला अडलं त्याने वाचावं, चुकलं तर कोणीही दुरुस्त करावं, असा तिचा कायदा. आणि लोकांनी खरंच लिहिलं. वैनगंगेपलीकडच्या एकाने सौर पाट्या कशाने पुसल्या तर चरे पडत नाहीत ते लिहिलं. एका बाईने उंदीर कोणत्या रंगाची वायर आधी कुरतडतो ते लिहिलं, आणि ते खरं निघालं.

माधवी तिथे ‘राखणदार’ या नावाने असायची. डोळ्यांत तेल घालून राखण करायची. लोकांचं ‘कराचं’ खोडून ‘करायचं’ करायची, ‘तठी’चं ‘तिथे’ करायची. वाचणाऱ्याला भरवसा वाटला पाहिजे, असं तिचं म्हणणं. आणि तिच्या सगळ्यात जिवाचं पान म्हणजे हे, चार नंबरच्या बिघाडाचं. पेटीवर चार आकडा आला की पंप बंद पडतो, आणि पेटी उघडून आतली एक सैल वायर आवळली की चालू होतो. त्याच्या पाच पायऱ्या तिने स्वतः लिहिल्या होत्या. पाट्यांकडून येणारी वीज तोडा. दहा मिनिटं थांबा, कारण पेटीच्या पोटात वीज साठलेली असते. मग झाकण उघडा. या दहा मिनिटांपायी कितीजण झटक्यातून वाचले असतील, याचा तिला अभिमान होता. पानाखाली ‘उपयोग झाला’ म्हणून दाबलेले सहाशे बारा अंगठे होते आणि ती रोज चहा घेताना ते बघायची.

कुलूप लावून ती उठणार तेवढ्यात पानाच्या चर्चेत एक नवा प्रश्न आला. नाव होतं रुपाली, मोहटोली.

‘पेटीवर चार नंबर येऊन राह्यला. पंप कालपासून बंद. धान पोटरीत हाये, पाऊस नाई. मालक बाहेरगावी. मी पेटी उघडू का?’

सप्टेंबरचा रविवार होता आणि पावसाने बारा दिवस ओढ दिली होती. धान पोटरीत असताना बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी आटलं तर लोंबी पोचट निघते, हे माधवीलाही कळत होतं. तिने झटपट लिहिलं, ‘उघडा. पाच पायऱ्या क्रमाने करा. घाबरू नका.’

‘बरं जी. जेवण करून जाते वावरात,’ असं उत्तर आलं.

माधवी खूश झाली. मशीनमधले कपडे काढून तिने दोरीवर टाकले, पायपुसणी झटकली आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन बसली. चर्चेत आणखी एक मजकूर येऊन पडला होता. पानाला कुलूप दिसल्यावर झिंगू बोडीवाला इथे आला होता, आणि या वेळी एका ओळीवर थांबला नव्हता.

‘राखणदार भाऊ, तुमी पाच खेपा पुसलं. मले लिहाले येत नाई, मी बोलतो आन फोन लिहिते. पयल्या काडीनं ते दबून बसते. दुसरीनं हालते. तिसरीनं निघते. म्हणून तीनदा. खाली वायर जाते तठी भोक राहते, तिथून ते अंदर जाते, पेटी गरम राहते म्हणून. मागच्या सालच्या आखाडात आमच्या शालिकरामनं पेटीत हात टाकला. मण्यार होती. बारीक जनावर, डसलं तरी त्याले समजलंच नाई. म्हणे काटा रुतला. संध्याकाळी म्हणे पापण्या जड होऊन राह्यल्या. आमी म्हटलं, थकला असन, झोपू द्या. झोपला तो झोपलाच. मागून मीच पेटी ठोकली तवा ते निघालं. त्यानं पेटी तुमच्याच पानावर पाहून उघडली होती. पाचही पायऱ्या बराबर केल्या. तवा माह्यापाशी फोन नव्हता, आता हाये. म्हणून लिहितो. आणखी पुसलं त आणखी लिहीन.’

माधवीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेली तर अक्षरं दिसेनात. मग तिला रुपालीचं ‘बरं जी’ आठवलं आणि तिने खालीच घाईघाईने लिहिलं, ‘रुपालीताई, थांबा. पेटी उघडू नका. थांबा.’

उत्तर नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. वहीत कोणाचा फोन नंबर नसतो. नाव आणि गाव, बस. हाही तिचाच नियम होता, बायकांना कोणी त्रास देऊ नये म्हणून केलेला. तिने धनराजला फोन लावला. तो नागपुरात होता, तांब्याची तार घ्यायला गेलेला.

“मोहटोलीची रुपाली? म्हणजे रामाजीची सून असन,” धनराज म्हणाला. “नवरा तेलंगणात बोअरच्या गाडीवर राह्यते. काऊन, काय झालं?”

“रामाजीचा नंबर हाये का?”

“हाये. पण त्याचं वावर बोडीच्या पल्याड, जंगलाले लागून. तिकडं रेंज नाई राहत. मी लावून पाहतो. गावात आणखी कोनाले लावतो. तू काऊन एवढी—”

तिने फोन ठेवला आणि स्कूटीची किल्ली शोधू लागली. किल्ली खुंटीलाच होती, तरी तिला दोन खोल्या फिरून यावं लागलं.

“कुठी चालली?” सोमाजींनी विचारलं.

“तुमी विचारलं होतं ना, काऊन माराची म्हणून,” ती चपला घालत म्हणाली. “आत साप राहते, म्हणून.”

सोमाजींनी हातातली वाटी खाली ठेवली. “हळू चालव,” एवढंच ते म्हणाले, पण तोवर ती फाटकाबाहेर पडली होती.

पोचून उपयोग नाही, हे तिला चंद्रपूर ओलांडायच्या आतच कळून चुकलं होतं. बंगाली कॅम्पच्या चौकात कोळशाचे ट्रक एकामागे एक उभे होते आणि ती त्यांच्या मधून स्कूटी काढत मनात हिशोब मांडत होती. इथून सावली साठ किलोमीटरच्या वर, पुढे मोहटोली, पुढे वावर. दीड तास तरी पाहिजे. रुपालीला जेवायला अर्धा तास, शेतावर जायला अर्धा. वीज तोडायला एक मिनिट. मग ती दहा मिनिटं. मागच्याच महिन्यात कोणी तरी लिहिलं होतं की दहा मिनिटं जास्त होतात, पाच पुरे. आणि माधवीने त्याला चांगलं खडसावलं होतं. आता तिला वाटलं, दहाच्या जागी आपण साठ का नाही लिहिली.

मूलचा रस्ता जंगलातून जातो. ‘वाघाचा वावर आहे, थांबू नये’ अशा पाट्या दोन्ही बाजूंना. ऊन असं की पानही हलत नव्हतं आणि हेल्मेटमध्ये घाम डोळ्यांत उतरत होता. उपयोग नाही तर जायचं कशाला, असंही एकदा मनात आलं. पण घरात त्या पडद्यासमोर बसून ‘थांबा’ या आपल्याच शब्दाखाली उत्तर उमटायची वाट बघणं तिला शक्य नव्हतं. हात काहीतरी मागत होते, म्हणून तिने त्यांना स्कूटी दिली होती.

सगळ्यात जास्त ती शालिकरामपासून पळत होती. त्याचा विचार आला की ती वेग वाढवायची. पाचही पायऱ्या बरोबर केल्या, असं झिंगूने लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर माणूस येत नव्हता, पायऱ्याच येत होत्या. एक. दोन. दहा मिनिटं थांबला असेल बिचारा, उन्हात, घड्याळ बघत, राखणदाराने सांगितलं म्हणून. आणि नंतरचं वर्षभर ती चहाबरोबर अंगठे मोजत होती. ज्याला ते पान पुरलं नाही तो अंगठा दाबायला आलाच नव्हता. आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेब लोकांची तिने टिंगल केली होती; आज उंट कोणाचा होता, ते तिला दिसत होतं.

मूलला पेट्रोल भरताना तिने फोन पाहिला. धनराजचा निरोप होता: ‘रामाजीचा बंद. पोलीस पाटील उचलत नाई. प्रयत्न करून राह्यलो.’ रुपालीचं काहीच नव्हतं. पेट्रोलवाल्याने सुटे पैसे मागितले तेव्हा तिने नोट तशीच त्याच्या हातात कोंबली.

मोहटोलीत शिरली तेव्हा एक वाजून गेला होता. हातपंपावर एक म्हातारी पितळी गुंडी भरत होती. तिला अंजनाबाई म्हणून कोणीतरी घरातून हाक मारत होतं आणि ती ओ देत नव्हती.

“बाई, रुपालीचं वावर कोणतं?”

“रामाजीच्या सुनेचं? बोडीच्या पल्याड, मोहाच्या झाडापाशी.” म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काय झालं वं माय? तोंड काऊन असं?”

माधवीने बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत स्कूटी नेली आणि पुढे धुऱ्याच्या बांधावरून चालायला लागली. चालायला म्हणजे पळायलाच. धुरा हातभर रुंद, दोन्ही बाजूंना पोटरीतला धान, बांध्यांच्या तळाला भेगा पडू लागलेल्या. लांबून सौर पाट्या चमकल्या. त्यांच्या खांबावर करड्या रंगाची पेटी. आणि तिथून दहा पावलांवर, मोहाच्या सावलीत, एक बाई आडवी पडलेली होती. तोंडावर पदर. एक हात अंगाबाहेर, गवतात.

माधवीचे पाय तिथेच थबकले. मग ती मोठ्याने ओरडली, काय ओरडली तिचं तिलाही कळलं नाही.

बाई दचकून उठून बसली. पदर सावरत म्हणाली, “कोन जी?”

“पेटी,” माधवीला दम आवरेना. “पेटी उघडली का?”

“नाई ना. थांबून राह्यली.”

माधवी होती तिथेच धुऱ्यावर बसली. तिला हसायला येत होतं की रडायला, ते समजेना. मग तिने विचारलं,

“काऊन?”

रुपाली तिशीच्या आतबाहेरची, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. अनोळखी बाई उन्हातान्हात पळत येऊन आपल्या पंपाची चौकशी करते, याचं तिला नवल वाटत होतं. पण पंपवाल्यांकडून कोणी आलं असेल, असं समजून ती सांगू लागली.

“त्या पानावर खाली इतिहास म्हणून बटण राह्यते ना, निघता-निघता मी ते दाबून पाह्यलं. कोनं काय लिहिलं, कोनं काय पुसलं, सारं तारखेसंग दिसते. तठी पाहते त भलतंच. एकजण लिहून राह्यला, का पेटीवर तीनदा काडी मारा. आन दुसरा पुसून राह्यला. पाच खेपा! मी सासऱ्याले वाचून दाखवलं. ते म्हणे, एवढ्या खेपा कोनी फुकटचं नाई लिहत.” तिने पाण्याची बाटली माधवीपुढे धरली. “आन पुसणाऱ्यानं काऊन पुसलं, हे एकाबी खेपेले लिहिलं नाई. तठी लिहाले जागा राह्यते, तरी नाई. मी म्हटलं, ज्याले कारण सांगता येत नाई त्याचं ऐकून मी हात टाकू का?”

माधवी पाणी पीत राहिली.

“मले उत्तरबी त्याच पुसणाऱ्यानं दिलं,” रुपाली हसली. “म्हणे, घाबरू नका. मंग त मले जास्तच भेव वाटलं.”

“आणि धान?”

“धान एक दिस थांबते. संध्याकाळी सासरे येतीन, मंग पाहू म्हटलं.” तिने बोडीकडे नजर टाकली. “तुमी कंपनीच्या का?”

“नाई.” माधवीने बाटलीचं झाकण लावलं. ते लागेना, पुन्हा काढून लावलं. “पुसणारी मीच.”

रुपालीने तिच्या हातातून बाटली घेतली. “तुमी राखणदार? मले वाटलं कोनी साहेब असन.” मग तिचा आवाज बदलला. “मंग काऊन पुसलं?”

साठ-सत्तर किलोमीटर या प्रश्नापासून ती पळत आली होती आणि तो इथे तिची वाट बघत बसला होता. तिने सांगितलं. बाप, लिंबू-मिरची, ‘उघडाच्या’चं ‘उघडण्याच्या’, सहाशे बारा अंगठे, सगळं. आणि शेवटी झिंगूने लिहिलेलं शालिकरामचं.

“शालिकराम म्हणजे पल्याडच्या गावचा?” रुपाली हळूच म्हणाली. “आमी त ऐकलं होतं, बांधीत पान लागलं, साप डसला म्हणून. पेटीत डसलं हे कोनालेच मालूम नाई.”

मग ती उठली. मोहाला टेकवून ठेवलेली हातभर लांबीची बांबूची काडी तिने आणली आणि माधवीच्या हातात दिली.

“घ्या मंग. तुमीच मारा.”

माधवीने आधी पाट्यांची वीज तोडली. दोघी दहा मिनिटं झाडाखाली थांबल्या. मग ती पेटीजवळ गेली आणि लांबूनच काडी उगारली. पहिला ठोका भलताच हळू पडला. रुपाली मागून म्हणाली, “जोरानं.” दुसरा जोरात बसला, पत्रा वाजला. आत काही हललं का? तिला वाटलं, हललं. मग वाटलं, पत्र्याचाच नाद असेल. तिसऱ्या ठोक्यानंतर ती पाच पावलं मागे आली आणि दोघी खांबाखालच्या गवताकडे बघत उभ्या राहिल्या. काही निघालं नाही. गवताचं पातंही हललं नाही. एक चतुर येऊन पेटीवर बसला आणि उडून गेला.

रुपालीने बांबूच्या टोकाने झाकण उचललं.

आत, वायरींच्या गुंत्यावर, एक कात पडलेली होती. चांगली हात-दीड हात, वायरींना वेटोळे घालून, टोक खालच्या भोकातून बाहेर लोंबणारं. सैल वायर नेमकी तिच्याखाली होती. पाचवी पायरी करायला हात तिथेच घालावा लागला असता.

रुपालीने काडीने ती थोडी उचलली आणि बोट लावून बघितलं.

“ओली हाये,” ती म्हणाली.

दोघी एकदमच मागे सरल्या आणि आपापल्या पायांखालचं गवत बघू लागल्या. ज्याची कात होती तो कुठेच दिसत नव्हता.

बराच वेळ काडीने सगळा खांब आणि आजूबाजूचं गवत झोडपल्यावर माधवीने काम सुरू केलं. कात बाहेर काढली, पेटीचा कोपरान् कोपरा टॉर्चने बघितला, वायर आवळली. खालचं भोक बुजवायला तिच्याकडे काही नव्हतं. रुपालीने डोक्याचा टॉवेल फाडून चिंधी कोंबली आणि वरून बांधीतली चिकण माती थापली. वीज जोडल्यावर पेटीवरचा चार गेला. पाइपने आधी हवा सोडली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. रुपाली पाटापाशी वाकून पाण्याला वाट करून देऊ लागली. तिच्या पाठीकडे बघताना माधवीला एकदम आठवलं, की पानाला अजून कुलूप आहे. या सगळ्या पळापळीत तिला एकट्या रुपालीचा हात दिसत होता. पेट्या सहाशेच्या वर होत्या, आणि पाऊस कोणाकडेच नव्हता.

“रेंज कुठी येते?”

“बोडीच्या पाळीवर.”

ती पाळीवर पोचली. पान उघडलं, कुलूप काढलं. बोटांना माती लागली होती आणि पडदा ऐकत नव्हता, म्हणून तिने बोडीच्या काठाशी उतरून हात धुतले, ओढणीला पुसले आणि परत येऊन ती ओळ लिहायला घेतली. पण लिहायचं काही उरलं नव्हतं. पहिल्या पायरीच्या वर ती आधीच येऊन बसली होती. ‘पेटी उघडाच्या आंदी तिच्यावर तीनदा काडी माराची आन दूर उभं राहाचं.’ झिंगू बोडीवाला, दोन मिनिटांपूर्वी. सकाळपासून तो कुलपाला हात लावून लावून बघत असणार.

सवयीने तिचं बोट ‘उघडाच्या’वर गेलं. ते तिने उचलून घेतलं. मग तिने एवढंच केलं, की झिंगूच्या ओळीला एक आकडा दिला आणि स्वतःच्या पाच पायऱ्या एकेक घर खाली सरकवल्या. शेवटी, भोक बुजवा, एवढी सातवी जोडली.

खाली नेहमीची रिकामी चौकट आली. ‘हा बदल का केला?’ तीन वर्षांत तिने ती कधी भरली नव्हती. आज तिने लिहिलं:

‘शालिकराम यांनी याच पानावरच्या पाचही पायऱ्या बरोबर केल्या होत्या. पेटीत मण्यार होती. त्यावर उपाय सांगणारी ओळ झिंगूभाऊंनी पाचदा लिहिली आणि मी पाचदा पुसली. का लिहिता, हे मी त्यांना विचारलं नाही. माधवी, ऊर्जानगर.’

रुपाली पाळीवर येऊन तिच्या खांद्यामागे उभी राहिली होती. ओठ हलवत तिने सगळं वाचलं.

“हे तठी इतिहासात दिसन?”

“दिसन.”

“मंग हे पुसता येते का?”

“नाई,” माधवी म्हणाली. “इतिहासातलं मलेबी नाई पुसता येत.”

खाली बांध्यांत पाणी पसरत चाललं होतं. तिने बटण दाबलं.